वाटेनं की सडकेनं?

चुडाव्याहून माझ्या आत्याच्या गावाला जायला दोन मार्ग आहेत. एक सडक आणि दुसरी वाट. सडक डांबरी आहे, लांबून वळसा घालून जाते आणि तिच्यावरून जाणाऱ्याला शेवटच्या वळणापर्यंत नदी दिसत नाही. वाट म्हणजे जुनी पाणंद. गाव सोडलं की ती शेताशेतांतून दक्षिणेला उतरते, नदीला भिडते आणि मग काठाकाठानं वरच्या अंगाला, पूर्णा-गोदावरीच्या संगमाच्या दिशेनं जाते. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा, आणि तिच्या काठचा मुलूख तो गंगथडी.

चुडावा तुम्ही पाहिलं असेल ते बहुधा गाडीच्या खिडकीतून. पूर्णा जंक्शन सोडून नांदेडकडे निघालं की लागणारं हे स्टेशन. एक्स्प्रेसमधला माणूस पाटी वाचेवाचेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं. आमचे वडील, नाना, या लाईनवर गँगमन होते. लाईन तेव्हा मीटरगेज होती, ब्रॉडगेज झाली ती नव्वदच्या दशकात. नानांना आठवड्यातून एक दिवस ‘रेस्ट’ मिळे आणि पुष्कळदा त्या दिवशी ते सायकल काढून वाटेनं बहिणीकडे जात. मी पुढच्या दांडीवर, मागच्या कॅरिअरला घट्ट बांधलेली पिशवी. आत्याच्या दारात पोचलो की पिशवी सोडायची, तांब्याभर पाणी प्यायचं आणि उभ्या उभ्या परत फिरायचं. मला तिथल्या बोरीखाली खेळायचं असे, पण नाना कधी बसले नाहीत. ड्यूटीचा माणूस, घाईतच असायचा, असं मी पुढं पन्नास वर्षं समजत होतो.

ही वाट आठवायचं कारण भाचीनं जर्मनीहून पाठवलेला फोटो. नवरा-बायको दोघं बॅटरीच्या सायकलीवरून डॅन्यूब नदीच्या काठानं निघाली होती. पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत तीनशे किलोमीटरहून लांब असा सायकलींचा मार्ग तिथं आहे. बरोबर वाटाड्या नाही की टोळकं नाही, हातात नकाशा घ्यायचा आणि आपल्या चालीनं जायचं. या मार्गाचे काही तुकडे मुळात घोड्यांच्या वाटा आहेत. आगबोटी नव्हत्या तेव्हा काठावरून घोडे दोर लावून नावा प्रवाहाच्या उलट ओढत, त्या वाटा. काम संपल्यावर लोकांनी त्या बुजवल्या नाहीत, एवढंच. मला वाटलं, घोड्यांची वाट राहते, तर माणसांची का नाही?

बॅटरीची सायकल आमच्याच ओसरीवर धूळ खात उभी होती. पुतण्यानं कॉलेजला जायला घेतलेली, पुढं मोटारसायकल आली आणि हिच्यावर वहिनी टॉवेल वाळत घालू लागल्या. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर कायद्याच्या लेखी ही मोटारगाडीच नव्हे. लायसन नको, नंबरपाटी नको. आपण पायडल मारायचं आणि मागून कुणीतरी हलकेच रेटा द्यावा तसा रेटा मोटर देते. एकसष्टाव्या वर्षी, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांच्या माणसाला याहून अधिक काय हवं? हँडलवर एक मूठही असते. ती पिळली की पायडलसुद्धा मारावं लागत नाही. या मुठीनंच पुढं माझा घात केला.

निघण्याआधी पुतण्यानं मोबाइलवर गावचा नकाशा काढून दिला. महसूल खात्याच्या हिशेबात या वाटांना भलताच मान आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा गाडीमार्ग नकाशात तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग तुटक एकेरी रेषेचा, सव्वाआठ फुटांचा. कुणी वहिवाटीची वाट अडवली तर १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’ नावाची योजनाही काढली. आमची वाट नकाशात दुहेरी रेषेची होती. कागदावर मी एकवीस फुटी रस्त्यावरून निघालो होतो, असं म्हणायला हरकत नाही.

माघातली सकाळ होती. ज्वारीची कणसं भरलेली, करडईला पिवळी फुलं, आणि मधेमधे हळदीचे पाला कापलेले उघडे सरे. एका शेतात हळद शिजत होती. पूर्वी मोठ्या काहिलीत शिजायची, आता ट्रॅक्टरच्या मागे लावलेले वाफेचे कुकर शेतोशेती फिरतात. तो ओला, मातकट, जरासा कापरासारखा वास मोटारसायकलवर असतो तर मागे पडला असता. या सायकलीला आवाज नाही, त्यामुळं वासही येतो आणि पाखरंही पळून जात नाहीत. टिटवी ओरडली ती मात्र ओरडलीच, ती कुणाचीच भीड ठेवत नाही.

नदीवर उतरलो आणि थांबलो. माझ्या लहानपणी माघातली गंगा म्हणजे वाळूचं रुंद पात्र आणि मधून एक धार. गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येई, वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या असत. आता काठोकाठ पाणी होतं, थांबलेलं, तळ्यासारखं. खाली नांदेडजवळ विष्णुपुरीचा प्रकल्प आहे, सुमारे ८० दशलक्ष घनमीटर पाणी धरणारा. त्याच्या अलीकडे अंतेश्वरचा बंधारा. वर पाहावं तर दिग्रस, मुळी, मुद्गल, तारुगव्हाण, ढालेगाव. नदी वाहते कमी, पायऱ्यापायऱ्यांनी उभी राहते जास्त. म्हणून या काठाला ऊस-केळी आहे, हेही खरं, आणि टंचाईच्या वर्षी दिग्रसचं पाणी खाली नांदेडसाठी सोडायचं म्हटलं की वरच्या शेतकऱ्यांचा जीव वर-खाली होतो, हेही खरं. पाण्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. लांब चक्रवाकांची एक जोडी. दृश्य सुंदर होतं. पण माझ्या ओळखीची नदी ती नव्हती.

काठानं मोटारींचे पाइप आणि स्टार्टरच्या पेट्या ओळीनं होत्या आणि सगळं चिडीचूप. एका लिंबाखाली एक शेतकरी काटक्यांवर चहा उकळत बसला होता, डोळे तांबडे.

‘‘कुठं जायलात काका?’’

मी सांगितलं. या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती, त्यामुळं तो रात्रभर उसाला पाणी देत जागा होता. विंचू-काट्याचं काय, म्हटलं, तर नुसता हसला. मग सायकलीकडे बघून म्हणाला, ‘‘हिला बी लाईनच लागते का? मग तुमची बी रातचीच पाळी की.’’

नंतर मी हिशेब केला. माझी बॅटरी ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासांची. म्हणजे पूर्ण भरली तर जेमतेम एक तृतीयांश युनिट वीज. त्याची पाच अश्वशक्तीची मोटर तेवढी वीज सहा मिनिटांत पिते. वरच्या अंगाला पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे, १९६८ साली पुरं झालेलं, आणि त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. नदीनं वीज द्यायची आणि त्याच विजेनं नदीतलं पाणी उपसायचं, असा हा व्यवहार आहे. माझ्या चाकातही त्यातला एखादा थेंब असेल.

पुढं वाट हरवली. मोबाइलमध्ये ती स्पष्ट होती, दुहेरी, तुटक, आणि माझ्यासमोर हरभरा होता. सरळ, हिरवागार, वाटेच्या मधोमध. मी घुटमळतोय हे पाहून त्या रानाचा मालक आला. मी नकाशा दाखवला. वाट आहे हे त्यानं क्षणभरही नाकारलं नाही. ‘‘वाट हाय की. नाही कोण म्हणलं? पण तिच्यावरून चालतंय कोण? सगळे सडकंनं जायलेत. तुम्ही याआधी कवा आलता?’’

मला वर्ष सांगता आलं नाही. कायद्यात त्याची चूक होती आणि त्याच्या प्रश्नात माझी. त्यानं मला बांधावरून पलीकडे जाऊ दिलं आणि एका जागी सायकलीचं मागचं चाक उचलूनही धरलं. चांगली तेवीस किलोची सायकल ती. मूठभर हरभऱ्याचा टहाळ त्यानं माझ्या पिशवीत घातला तो वेगळाच.

त्याच्याही पुढं वाट सोडून काठच गेला होता. २०२५च्या सप्टेंबरातल्या पुरानं दरड कापून नेली होती आणि एक बाभूळ मुळं वर करून पाण्यात पडली होती. खाली उतरून वळसा घ्यावा तर तिथं ट्रॅक्टरच्या चाकांच्या मांडीएवढ्या चाकोऱ्या. वाळू कुठून निघते आणि कुठं जाते, याची चौकशी करायची ती जागा नव्हे. मी मूठ पिळली. मोटर कण्हली, चाक जागच्या जागी फिरलं, पुन्हा पिळली. असं वाळूतून दीड-दोनशे पावलं केलं आणि बॅटरीचे चार दिवे एकापाठोपाठ एक विझले. चाळीस किलोमीटर जाईल असं पुतण्या म्हणाला होता. मीटरवर एकोणीस होते. दोष सायकलीचा नाही, पायडल मारायचा कंटाळा माझा.

बॅटरी संपलेली ही सायकल चालवणं म्हणजे झोपलेल्या पाहुण्याला डबलसीट नेणं. पुढचं अंतर थोडं बसून आणि पुष्कळ ढकलून, गुडघ्यांची समजूत घालत काढलं. आत्याच्या घराचं मागलं दार दिसलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. वाट मागल्या दाराशी येते, हे मी विसरलोच होतो.

आत्या चौऱ्याऐंशीची आहे. नजर अधू, कान तिखट. मागल्या दाराची कडी वाजली तशी आतूनच म्हणाली, ‘‘कोण? वाटंनं आलास का सडकंनं?’’

वाटेनं, म्हटलं.

‘‘मग आमच्यातलाच कुणीतरी.’’

गावठाणात दिवसाही वीज असते. चार्जर ओसरीवरच्या बटणाला लावला, लाल दिवा लागला. चार तास लागतील म्हटल्यावर आत्यानं सुनेला भाकरी टाकायला सांगितलं आणि मला विचारलं, ‘‘बिल किती येईल रे हिचं?’’ फार तर तीन-चार रुपये, मी म्हटलं. तिला खोटं वाटलं. तिनं नातवाला विचारून खात्री करून घेतली.

जेवण झालं. ठेचा, वरण, भाकरी आणि माझ्याच पिशवीतल्या टहाळाचे भाजलेले हरभरे. नातवाच्या मोटारसायकलवर बसून संगमाच्या अंगाला एक चक्कर झाली. अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेली पूर्णा कंठेश्वराजवळ गोदावरीत शिरते. शिरते म्हणायचं, दोन्हीकडचं पाणी सारखंच शांत होतं. परत आलो तरी चार्जरचा दिवा लालच. मग करण्यासारखं काही उरलं नाही. मी खांबाला टेकून बसलो. आत्या समोर वाती वळत होती.

‘‘तुझा बाप इतका वेळ कधी बसला नाही,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ड्यूटी असायची त्यांची.

‘‘ड्यूटी कशाची? रेस्टच्या दिशी कशाची ड्यूटी?’’ वात वळता वळता तिनं सांगितलं ते असं. बहात्तरचा दुष्काळ. ती आणि मामा दोघं खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे, रेशनला तांबडी मिलो, तीही पुरत नसे. नानांना पगार होता. कॅरिअरवरच्या त्या पिशवीत जोंधळे असत. ‘‘तो बसला असता तर मला चूल पेटवावी लागली असती. चहा तर करावाच लागला असता. घरात गूळ नाही, पत्ती नाही, त्याला ठावं होतं. म्हणून पाणी मागायचा. पाणी होतं.’’

आणि वाटेनंच का? तेव्हा सडक नव्हतीच, पण ती झाल्यावरही नाना वाटेनंच येत. समोरून आलं की सगळी आळी पिशवीकडे बघते, म्हणाली. दुष्काळ सरला, तिच्या घरी पुढं बागायत झाली, चहाला दूधही आलं, पण नानांना बसायची सवय काही लागली नाही. मी दांडीवर बसून त्या घाईवर चिडत असे. सात-आठ वर्षांचा होतो. पिशवीत काय आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सुनेनं चहा आणला. आत्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘दिवा हिरवा झाला का?’’

अजून नाही, मी म्हटलं. खरं तर झाला होता.

परतताना ऊन उतरलं होतं. दरडीच्या जागी या खेपेला उतरूनच चाललो, मूठ एकदाही पिळली नाही. हरभऱ्याच्या रानात मालक नव्हता. बांधावर सकाळचा माझ्या चाकाचा माग तेवढा उमटलेला होता, त्याच्यावरूनच परत आलो. घरी पोचलो तेव्हा बॅटरीचा एक दिवा शिल्लक होता.

रात्री आत्याच्या नातवाचा फोन आला. चार्जर ओसरीवरच राहिला होता. चुडाव्याकडे कुणी येणारं असलं तर पाठवून देतो, असं तो सांगत होता, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला, ‘‘पाठवू नको रे. त्याला म्हण, येऊन घेऊन जा.’’