पाठीवरचं खोगीर

आमंत्रण नाकारणारी पत्रं आपण सगळेच लिहितो. प्रकृती बरी नाही, येता येत नाही, समारंभास शुभेच्छा. तीन ओळींत काम भागतं. अशाच एका पत्राची गोष्ट आज सांगायची आहे.

साल १८२६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलैला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. वॉशिंग्टनच्या महापौरांनी समारंभाचं निमंत्रण धाडलं थॉमस जेफरसन यांना. जाहीरनाम्याचा मसुदा त्यांचाच, आणि १८०१ ते १८०९ ते राष्ट्राध्यक्षही होते. आता वय ८३, अंथरुणाला खिळलेले. उजवं मनगट पूर्वीच दुखावलेलं, त्यामुळे लिहिणं म्हणजे यातना. तरीही २४ जूनला त्यांनी उत्तर लिहिलं. मसुद्यात खाडाखोड केली, शब्द बदलले.

सुरुवातीला येता येत नसल्याची दिलगिरी आहे. मग लेखणी मूळ विषयाकडे वळते. माणसाच्या हक्कांकडे जगाचे डोळे उघडत आहेत, असं ते म्हणतात. ज्ञानाच्या उजेडात एक गोष्ट सर्वांना दिसू लागली आहे : बहुसंख्य माणसं पाठीवर खोगीर घेऊन जन्मलेली नाहीत आणि मूठभर लोक बूट चढवून, टाचेला काटे लावून, देवाच्या कृपेनं त्यांच्यावर स्वार व्हायला जन्मलेले नाहीत.

कवी म्हणून मला या प्रतिमेचा हेवा वाटतो. समता हा शब्द न वापरता समता डोळ्यांसमोर उभी राहते. प्रतिमा मात्र त्यांची स्वतःची नव्हे. १६८५ मध्ये एडिंबरोला फाशी गेलेल्या रिचर्ड रम्बोल्ड या बंडखोर इंग्रज सैनिकानं वधस्तंभावरून हेच म्हटलं होतं. सुमारे एकशे चाळीस वर्षांनी ते एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या पत्रात आलं. चांगलं वाक्य असंच हातोहात पुढं जातं.

पण हे पत्र जिथं लिहिलं गेलं, त्या मॉन्टिसेलोच्या टेकडीवर काय चाललं होतं? जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. घर त्यांनी उभारलं, शेत त्यांनी पिकवलं. खोगीर कुणाच्या पाठीवर होतं, हे पत्र लिहिणाऱ्याला खिडकीतून दिसत होतं.

४ जुलैला, समारंभाच्याच दिवशी, जेफरसन वारले. योगायोग असा, की जाहीरनाम्यावर सही करणारे दुसरे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सही त्याच दिवशी गेले. जेफरसन यांच्यावर लाखाहून अधिक डॉलरचं कर्ज होतं. मृत्युपत्रानं फक्त पाच गुलाम मुक्त झाले. १८२७ च्या जानेवारीत बाकीच्यांच्या लिलावाची जाहिरात निघाली. तीत १३० माणसं होती.

मुक्त झालेल्या पाचांत जोसेफ फॉसेट हा लोहार होता. त्याची बायको आणि मुलं मात्र लिलावात वेगवेगळ्या मालकांकडे गेली. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा. नव्या मालकाच्या घरी त्याला पुस्तकाला हात लावायची बंदी होती. तो लपूनछपून शिकत राहिला आणि पुढे बहीण इझाबेला हिच्यासाठी त्यानं एक खोटा परवाना लिहिला : ही बाई स्वतंत्र आहे. तो कागद घेऊन ती बोस्टनला निसटली. पुढे पीटरही मुक्त झाला, सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि १९०० साली म्हातारपणी ती टेकडी पुन्हा पाहून आला.

जेफरसन यांचं पत्र खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. वाक्य खरं होतं, लिहिणारा त्याला पुरा पडला नाही. माणसं अपुरी पडतात म्हणून वाक्य टाकून द्यायचं नसतं. कारण ज्यांच्या पाठीवर खोगीर असतं, त्यांनाच ते सर्वांत जास्त लागतं. कायद्याच्या लेखी पीटरचा परवाना खोटा होता. जाहीरनाम्याच्या लेखी मात्र त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.