यंत्र एक, खाती दोन: विकत घेतलेलं कुणाचं?

मागच्या वेळी आपण ‘मालकी’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज परभणीतल्याच एका घरात शिरू.

समजा, घरात प्लेस्टेशन ५ एकच. थोरल्यानं गेमचा जादा भाग आपल्या खात्यावरून विकत घेतला. धाकट्याचं खातं वेगळं. त्याला तो खेळता येईल? येईल, बरं का. थोरल्याच्या खात्याची ‘कन्सोल शेअरिंग’ ही सोय त्या यंत्रावर चालू असली, की तिथल्या सगळ्या खात्यांना तो भाग खुला होतो. गेममधली नाणी मात्र बहुधा घेणाऱ्या खात्याचीच.

आता पेच बघा. ही सोय एका खात्याला एका वेळी एकाच पीएस ५ वर मिळते. थोरला शिकायला पुण्याला गेला, तिथल्या यंत्रावर त्यानं ती चालू केली, की इकडे धाकट्याच्या पडद्यावर कुलूप! भाऊ भांडतात, आणि दोघांचंही खरं असतं.

मिताक्षरेनं चालणाऱ्या आपल्या मुलखात स्वार्जित आणि सामाईक हा भेद आपण जाणतो. पण थोरल्याचं हे स्वार्जित त्याला विकता येत नाही, वाटून देता येत नाही. मग त्यानं घेतलं काय? वापराचा परवाना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याला हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपण पुस्तक आणायचो, ते घरभर फिरायचं. कुणाला विचारायची वेळच आली नाही.

तेव्हा निघण्याआधी भावांनी ठरवावं: सोय परभणीच्या यंत्रावरच ठेवायची. थोरला तिकडे आपल्या खात्यानं साइन इन करून खेळेलच, फक्त इंटरनेट चालू लागेल.