बायपास यशस्वी झाली, तरी पेशंट सावरत का नाही? यामागे डिप्रेशन असू शकतं

ऑपरेशन छान झालं, असं डॉक्टर सांगतात. रिपोर्ट चांगले येतात, टाकेही सुकतात. पण घरी आलेला माणूस नीट जेवत नाही, रात्रभर जागा असतो. फिरायला चला म्हटलं की "नंतर बघू" म्हणतो. घरचे समजूत घालतात, "अशक्तपणा आहे, होईल हळूहळू."

कधी ते खरंही असतं. पण कधी यामागे डिप्रेशन, म्हणजेच नैराश्य असतं. आणि त्याचा परिणाम फक्त मनावर होत नाही.

आकडे काय सांगतात?

2001 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बायपास झालेल्या 309 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण 20 टक्के जणांना घरी सोडण्यापूर्वीच डिप्रेशन असल्याचं आढळलं. पुढच्या वर्षभरात या गटातल्या 27 टक्के लोकांना पुन्हा हृदयाचा गंभीर त्रास झाला. डिप्रेशन नसलेल्यांमध्ये हे प्रमाण 10 टक्के होतं.

असं का होतं?

पहिलं कारण रोजच्या वागण्यातलं. बायपासनंतर दीर्घ श्वासाचे व्यायाम, थोडंथोडं चालणं, वेळेवर गोळ्या आणि प्रथिनं असलेला आहार गरजेचा असतो. डिप्रेशनमध्ये नेमकी हीच उमेद संपते. व्यायाम टळतो, गोळ्या चुकतात.

दुसरं कारण शरीराच्या आत घडतं. डिप्रेशनमध्ये कॉर्टिसोलसारख्या ताणाच्या हार्मोन्सचं संतुलन बिघडू शकतं, शरीरातला दाह वाढू शकतो आणि रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होऊ शकतात. झोप मोडते, त्यामुळे दुखणंही जास्त जाणवतं.

मग उदास वाटलं की डिप्रेशनच का?

नाही. ऑपरेशननंतर काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं स्वाभाविक आहे. पण दोन प्रश्न विचारून बघा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा निराश होतं का? आवडीच्या गोष्टींतही रस वाटेनासा झाला का? एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर पुढच्या तपासणीला जाताना टाक्यांसोबत हेही डॉक्टरांना सांगा.

उपचारांनी फरक पडतो का?

पडतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी बायपासनंतर डिप्रेशन आलेल्या 302 रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाला नर्स आठ महिने नियमित फोन करत होत्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार ठरवत होत्या. 2009 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या गटातल्या निम्म्या रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये असे सुमारे 30 टक्केच होते.

घरच्यांनी काय करावं?

"मन घट्ट करा" एवढं सांगून भागत नाही. त्यापेक्षा "चला, गेटपर्यंत जाऊन येऊ" म्हणत सोबत निघा. डिप्रेशनच्या गोळ्या आधीपासून सुरू असतील तर ऑपरेशनपूर्वी सर्जन आणि भूलतज्ज्ञांना सांगा, मनाने बंद करू नका.

केंद्र सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच मदत घ्या.