नऊ एकांच्या पोटात काय दडलंय?

निपाणीत नववी-दहावीची काही मुलं सुटीत एकत्र गणिताला बसतात. कुणी मराठी माध्यमाची, कुणी कन्नड. परवा त्यांना फळ्यावर एकच संख्या लिहून दिली: १२३४५६७८९८७६५४३२१. कॅल्क्युलेटर न वापरता तिचे मूळ अवयव पाडायचे.

मुलं लगेच भागाकाराला भिडली. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातो, इथवर सगळे पोचले. पण पुढे ७, ११, १३ असं एकेक तपासत बसलं तर वही संपेल. अशा वेळी आधी संख्येची ठेवण पाहावी.

नऊ एकांच्या संख्येला तिनंच उभ्या मांडणीत गुणलं, की नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. उजव्या टोकाच्या घरात एकच १, पुढच्यात दोन, मधल्या घरात नऊ, मग पुन्हा उतरण. कुठेही हातचा येत नाही, म्हणून आपली सतरा अंकी शिडी तयार होते. दहा एक घेतले तर मधल्या घराची बेरीज १० होते, हातचा येतो आणि शिडी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांचा अभ्यास केला. त्यांना डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर ही कल्पना सुचली. म्हणून या डेम्लो संख्या.

आता फक्त १११११११११ फोडायची. तीन-तीनांचे गट पाडले की १११ × १००१००१. पैकी १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. खरी कसोटी इथून पुढे: ३३३६६७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे जातं आणि तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. पण त्या सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. १००१००१ ला भागणारी ३ व्यतिरिक्त कोणतीही मूळ संख्या घ्या. १० च्या घातांना तिनं भागत गेलं, तर बाक्या बरोबर नऊ पावलांनी पुन्हा त्याच येतात. फर्माच्या प्रमेयानुसार त्या मूळ संख्येतून १ वजा केला की उरलेल्या संख्येला ९ ने भाग जायलाच हवा. मूळ संख्या विषम असल्यामुळे १८ नेही जातो. १९, ३७, ७३, १०९ अशा सतराच संख्या उरल्या. मुलांनी त्या वाटून घेतल्या. १९ ने भागून बाकी ८, ५४१ ने ४११, शेवटी ५७७ ने १६१. एकदाही शून्य नाही. म्हणजे ३३३६६७ मूळ, आणि आपली संख्या ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. तिला एकूण ४५ विभाजक आहेत.

हा छंद जुना आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त हारासारख्या दिसणाऱ्या संख्या दिल्या. त्यात १५२२०७ × ७३ = ११११११११ हा गुणाकार आहे. आपला हा मुलूखही तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. १५२२०७ पुढे फोडली की ११ × १०१ × १३७ मिळतात.

एक वाढत गेले की काम झपाट्यानं अवघड होतं. ७१ एकांची संख्या अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत १९८४ साली क्रे महासंगणकावर फुटली. तिच्यात ३० आणि ४१ अंकी दोनच मूळ अवयव निघाले. प्रचंड संयुक्त संख्या फोडणं कठीण असतं, याच भरवशावर आरएसए ही संदेश गुप्त ठेवण्याची पद्धत उभी आहे.

भागाकार सगळ्यांनाच येतो. कोणता भागाकार करायची गरजच नाही, हे ओळखणं म्हणजे गणित. शिक्षकांनी एखादा तास यासाठी जरूर राखून ठेवावा. सुरुवातीला ११११११ च्या पुढे आणखी एक १ लिहा, म्हणजे सात एक होतील. १४ ने भागल्यावर बाकी १ उरते अशाच मूळ संख्या २९ पासून क्रमानं तपासा. आठवीला बाकी शून्य येईल.