फलक कंपनीचा, तोटा दुकानदाराचा!

कुणाची जमीन महामार्गात गेली आणि मोबदला खात्यावर जमा झाला, कुणाला कांद्याने एखाद्या वर्षी हात दिला, की घरात एक विषय हमखास निघतो. पदवीधर मुलगा म्हणतो, "अण्णा, शेतीत आता काही राहिलं नाही. फाट्यावर आपली जागा आहे, एखाद्या कंपनीची फ्रँचायझी घेऊ. बसल्या जागी पैसा!" मुलाचे म्हणणे अगदीच वावगे आहे असे नाही. दूध-बिस्किटापासून मोबाईलच्या वायरीपर्यंत सगळे एका छपराखाली देणारे दुकान फाट्यावर चालू शकते. मात्र पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. कंपनीचा वाटा कशावर मोजणार, विक्रीवर की नफ्यावर?

फ्रँचायझीत नाव, फलक, मालाची यादी आणि धंद्याची पद्धत कंपनीची असते. जागा, भांडवल, लाईट बिल आणि कष्ट आपले. नाव वापरण्याबद्दल कंपनी सुरुवातीला एकरकमी फी घेते आणि पुढे दरमहा वाटा घेते, त्याला रॉयल्टी म्हणतात. आपल्याकडे जमीन अर्धेलीने लावतात, तेव्हा पाऊस गेला तर मालकाच्या घरीही पोती कमीच येतात. रॉयल्टीचे तसे नाही. ती बहुतेक ठिकाणी विक्रीवर लावलेली असते. माल विकला गेला की कंपनीचे पैसे निघाले, मग तुमच्या गल्ल्यात काही उरो न उरो.

आता हिशोब मांडू. आकडे धरून चाललेले आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. दिवसाला १० हजारांची विक्री, म्हणजे महिन्याला ३ लाख. सरासरी सुटते १२ टक्के, म्हणजे ३६ हजार. रॉयल्टी "फक्त पाच टक्के". ऐकायला किरकोळ वाटते, पण ती ३ लाखांवर आहे. १५ हजार तिकडे गेले, राहिले २१ हजार. कामाला एक पोरगा ठेवला, १० हजार. फ्रीज, डीप फ्रीझर, दिवे मिळून लाईट ७ हजार. नासधूस अडीच हजार. हातात राहिले दीड हजार रुपये! जागा स्वतःची म्हणून भाडे धरलेले नाही, आणि तुम्ही व मुलगा सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत उभे राहिलात त्याची मजुरीही धरलेली नाही. याच कामात सहा लाख गुंतवले असतील, तर बँकेच्या मुदत ठेवीत सात टक्क्यांनी त्यांचे महिन्याला साडेतीन हजार झाले असते. घरी झोपून.

याच दुकानाची विक्री पाचव्या हिश्श्याने घटली असे समजा. शेजारी दुसरे दुकान निघाले किंवा रस्त्याचे काम सुरू होऊन एसटी थांबेनाशी झाली, की एवढे सहज होते. सुटणारा पैसा २८,८०० वर आला, रॉयल्टी १२ हजार, खर्च तेवढाच. तुम्ही महिन्याला २,७०० रुपयांनी खड्ड्यात, आणि कंपनीला तरीही १२ हजार पोचलेले. दर थोडासा इकडेतिकडे झाला तरी गणित फिरते, म्हणून मुलाला वहीत मांडायला सांगा. तोंडी नको.

या धंद्याचे मोठे घर म्हणजे सेव्हन-इलेव्हन. १९२७ साली अमेरिकेत डल्लास शहरात बर्फ विकणाऱ्या कंपनीतून ते सुरू झाले आणि १९७४ मध्ये जपानला गेले. तिथे पहिले दुकान टोकियोत दारूचे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाने घेतले. आपल्याकडे २०२१ मध्ये रिलायन्सने मुंबईत अंधेरीला त्यांचे पहिले दुकान उघडले. जपानचा अनुभव मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. तिथे कंपनी विक्रीवर नव्हे तर ढोबळ नफ्यावर वाटा घेते, म्हणजे आपल्यापेक्षा बरेच म्हणायचे. पण टाकून दिलेला माल त्या हिशोबात खर्च म्हणून वजा होत नसे, त्याचा भुर्दंड दुकानदारावर. बरे, मुदत संपत आलेले जेवणाचे डबे स्वस्तात काढावेत, तर कंपनी दुकानदारांना त्यापासून रोखत होती. शेवटी २००९ मध्ये तिथल्या व्यापार स्पर्धा आयोगाने हे बंद करा असा आदेश कंपनीला दिला, आणि कंपनीने टाकलेल्या मालाच्या खर्चातला १५ टक्के भाग उचलण्याचे मान्य केले.

पुढे २०१९ मध्ये ओसाका भागातल्या एका दुकानदाराला माणसे मिळेनात, म्हणून त्याने रात्री १ ते सकाळी ६ दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. करारात दुकान २४ तास उघडे ठेवायचे होते. वाद पेटला. वर्षअखेरीस कंपनीने, गिऱ्हाइकांच्या तक्रारी आहेत असे कारण देऊन, करारच संपवला. प्रकरण कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सही केलेला कागद कोर्टात किती जड जातो ते यावरून पाहा.

सगळेच असे कडक नसतात. अमूलच्या पार्लरला रॉयल्टी नाही, मालावर ठरलेले कमिशन असते. त्यांनी जाहीर केलेले दर पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, दुग्धपदार्थांवर १० आणि आईस्क्रीमवर २० टक्के असे होते. अर्ज करताना चालू दर विचारून घ्यावा. पण ६० रुपयांच्या दुधाच्या पिशवीमागे दीड रुपया, हे आधी कळलेले बरे. आईस्क्रीम उन्हाळ्यात उचलते, पावसाळ्यात फ्रीझर तेवढेच बिल खातो.

अमेरिकेत कंपनीने करारावर सही करून घेण्याआधी किंवा पैसे घेण्याआधी किमान १४ दिवस एक माहितीपत्र द्यावेच लागते. गेल्या तीन वर्षांत किती दुकाने उघडली, किती बंद पडली, हे त्यात असते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. कारभार मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावर चालतो. तेव्हा हे माहितीपत्र आपणच मागायचे. बंद पडलेल्या दुकानांची यादी लेखी द्या म्हणावे. मुदतीआधी सोडले तर दंड किती, उरलेला माल परत घेणार का, पाच किलोमीटरच्या आत दुसऱ्याला दुकान देणार नाही असे लिहून देणार का, आणि भांडण झाले तर कोर्ट कुठले, हेही विचारा. करार इंग्रजीत असतो आणि कोर्ट दिल्लीचे घातलेले असते. तालुक्याच्या वकिलाला दोन पैसे देऊन तो मराठीत समजून घ्यावा. सातबाऱ्यावर बोजा चढवून हा पैसा उभा करणार असाल तर हे दोनदा करा.

कंपनी स्वतःच हात बदलते, हेही धरून चालावे. गोदरेजने ग्रामीण भागासाठी 'आधार' दुकाने काढली. २००८ मध्ये त्यातला मोठा हिस्सा फ्यूचर समूहाकडे गेला आणि २०२२ मध्ये त्याच समूहाची फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. नाव विकले गेले तर तुमच्या अनामतीचे काय होणार, हे करारात असले पाहिजे.

सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांनाही एक विनंती. गाळ्याचा ठराव किंवा ना हरकत दाखला मागायला कुणी आला, तर कंपनीचे पत्र खरे आहे का एवढे विचारावे. नामांकित कंपन्यांच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून, "तुमचा अर्ज मंजूर झाला, नोंदणीचे पैसे भरा" असे सांगणारे भामटे खूप झाले आहेत. अमूलनेही तसा इशारा दिलेला आहे. पैसे कुणा माणसाच्या खाजगी खात्यावर मागितले की समजावे, पाणी मुरतेय. फसगत झालीच तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवावी, उशीर झाला की पैसा पुढे सरकतो.

आणि मुलगा ठामच असेल, तर त्याला घेऊन त्याच कंपनीची दोन चालू दुकाने पाहायला जा. कंपनीचा माणूस दाखवील ती नकोत, तुम्ही शोधलेली. रात्री शटर ओढायच्या वेळेला जा, तेव्हा दुकानदार मोकळेपणी बोलतो. त्याला गेल्या मे महिन्याचे आणि गेल्या ऑगस्टचे लाईट बिल दाखवायला सांगा.