रिपोर्टातला एक आकडा

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी रक्त द्यावे, नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत जावा आणि रिपोर्ट मोबाइलवर यावा, यात आता नवल उरलेले नाही. पण शौचावाटे रक्त जात असताना ‘सीईए ३.१’ हा आकडा पाहून घरच्यांनी ‘कॅन्सर नाही, मूळव्याधच आहे’ असे ठरवले, तर ते जिवावर बेतू शकते.

सीईए, म्हणजे कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, हे एक प्रथिन. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना ते १९६५ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आढळले. गर्भाच्या आतड्यातही ते असते. निरोगी प्रौढाच्या रक्तात मात्र अत्यल्प. साधारणतः ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरपर्यंतचे प्रमाण सामान्य धरतात.

मग याच चाचणीवर निदान का करत नाहीत? कारण ती दोन्हीकडून फसवते. रोग सुरुवातीच्या अवस्थेत असताना बऱ्याच रुग्णांत आकडा वाढलेलाच नसतो. उलट बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या विकारांत किंवा आतड्याच्या दाहात तो कर्करोगाविनाही वाढतो. निदान होते ते कोलोनोस्कोपी करून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनेच.

सीईएचे खरे काम सुरू होते ते निदानानंतर. शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा नोंदवून ठेवतात. तो वाढलेला असेल आणि गाठ पूर्ण निघाली असेल, तर ४ ते ६ आठवड्यांत तो सहसा सामान्य होतो. न उतरल्यास रोग कुठेतरी उरल्याची शंका येते. पुढे ५ वर्षे ठरावीक अंतराने, सुरुवातीला दर ३ ते ६ महिन्यांनी, चाचणी करतात. आकडा चढू लागला, तर ती पुन्हा करून सीटी स्कॅन काढतात. यकृतात मोजक्या जागी परतलेला रोग वेळीच कळला, तर काहींच्या बाबतीत तो शस्त्रक्रियेने काढता येतो.

ब्रिटनमधील १,२०२ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. किमान पाठपुराव्याच्या गटात २.३ टक्के, तर नियमित सीईए केलेल्या गटात ६.७ टक्के रुग्णांवर, परतलेला रोग बरा करण्याच्या उद्देशाने उपचार करता आले. मात्र त्यामुळे मृत्यू कमी झाल्याचे स्पष्टपणे दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून उपचार अकोल्यात होवोत, नागपुरात की मुंबईत, जुने रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलीत लावावेत आणि चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. सोयाबीनच्या सोंगणीत तिची तारीख मात्र चुकवू नये.