हंसाची मान वाचता येते?

एप्रिल-मे उजाडला, की टोरांटो, शिकागो किंवा न्यू जर्सीतल्या तळ्याकाठच्या हिरवळीवर कॅनडा गूज या हंसांची कुटुंबं चरायला उतरतात. काळी मान, गालावर पांढरा पट्टा आणि मागोमाग पिवळसर-हिरवट पिल्लांची रांग. तिकडच्या मराठी मंडळींच्या फोनमध्ये हा फोटो हमखास सापडतो. त्याच्या जोडीला अनेकदा फिस्कारत अंगावर धावून येणाऱ्या नराचा व्हिडिओही असतो. ‘फार भांडखोर पक्षी’ असा शिक्का मग बसतोच.

खरं तर नर भांडण टाळायच्या खटपटीत असतो. आधी तो चरणं थांबवतो, मान ताठ करून एकटक बघतो. तरी माणूस पुढे आला, तर डोकं खालीवर हलवू लागतो. मग मान जमिनीलगत पुढे ताणली जाते, चोच उघडते, फिस्कारा येतो. या क्षणी लेन्समधून पाहिलं, तर जिभेच्या दोन्ही कडांना करवतीसारखे दाते दिसतात. ते गवत कापण्यासाठी आहेत. माणसाला त्यांचा प्रसाद मिळतो तो अगदी शेवटी. पंख पसरून धावणं, चावा, पंखाच्या टणक सांध्याचा फटका हे सगळे इशारे वाया गेल्यावरचे उपाय.

एवढा पहारा का? मादी 25 ते 28 दिवस एकटीच अंडी उबवते आणि त्या काळात जेमतेम खाते. नर जवळपास राखण करतो. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर दिवसभरातच चालतात, पोहतात, स्वतः चरतात. त्यांना भरवावं लागत नाही. आईबापांचं काम ऊब देणं आणि राखण करणं. त्यातच पालकांची उड्डाणाची सगळी पिसं एकदमच झडतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. पिल्लांचे पंख तर अजून भरायचेच असतात. म्हणजे अख्खं कुटुंब जमिनीवर अडकलेलं. संकट आलं, तर वाट एकच, पाण्याची. फोटोग्राफर नेमका तळं आणि पिल्लं यांच्यामध्ये उभा राहिला, की ती वाटच बंद होते.

शिवाय पिल्लं पालकांना घट्ट धरून असतात. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना दिसेल, त्याच्या मागे जायची ही सवय कॉनराड लॉरेंझ यांनी ग्रेलॅग हंसांवर अभ्यासली. ती पिल्लं चक्क त्यांच्याच मागे चालायची. प्राण्यांच्या वर्तनावरील कामासाठी 1973चं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

मग जवळून फोटो काढायचा कसा? जवळ न जाता. 400 मिमीच्या आसपासची लेन्स घ्यावी, कळप कुठल्या दिशेला चरतोय ते पाहून बरंच पुढे, पाण्याची वाट मोकळी ठेवून बसावं. कॅमेरा गवताच्या उंचीवर आणला, की पिल्लाच्या डोळ्याला डोळा भिडतो. पालकांच्या काळ्या डोक्यात काळा डोळा हरवतो, म्हणून सकाळचं तिरपं ऊन हवं. तेव्हाच बुबुळात चमक येते. काळ्या मानेमुळे कॅमेरा फसतो आणि गालाचा पांढरा पट्टा जळतो, तेव्हा एक्स्पोजर थोडं उतरवावं. मान खाली ताणलेली दिसली, तर पाठ न फिरवता सावकाश मागे सरावं. धावपळ केली, तर पिल्लं विखुरतात.

उजनी आणि जायकवाडीवर हिवाळ्यात येणाऱ्या पट्टेरी हंसांची पिल्लावळ आपल्याला इथे दिसत नाही. त्यांची घरटी लडाख, तिबेट, मंगोलियाच्या पाणथळींत असतात. पण मानेची भाषा त्यांनाही लागू पडते. चरणाऱ्या थव्यातल्या माना एकामागून एक वर झाल्या, की अंतर संपलं असं समजावं. त्यांना उडवून टिपलेल्या फोटोची किंमत हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याच्या अंगातल्या चरबीतून वसूल होते. उलट आपल्यासमोर निवांत चरणारा हंस टिपता आला, तर फोटोग्राफरचं अंतर बरोबर होतं, हे तो फोटोच सांगतो.